मुक्या हाताच्या मावशी

मावशींच्या उजव्या हाताची नखं ही त्या घरातली सामाईक जबाबदारी होती. डाव्या हाताची नखं त्या अगदी मुळापर्यंत कापत. उजव्या हाताची मात्र बारीक कानशीनं घासून, गोलाई देऊन, लहान मुलासारखी जपून वाढवलेली. गिटारची तार छेडायची ती याच नखांनी ना! त्यामुळे घट्ट बसलेलं झाकण यजमानांनी उघडायचं, पार्सलवरची चिकटपट्टी सुनेनं सोलायची आणि कपाटाचा अडकलेला खण मुलानं ओढायचा, अशी कामं आपोआपच वाटली गेली होती.

"आमच्याकडे नखं हिची वाढतात आणि भांडी मी घासतो," असं यजमान आल्यागेल्याला सांगत. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढून ते निवृत्त झाले होते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत 'हे बरं की मघाचं बरं?' विचारायची सवय अजून गेली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते तेच विचारत.

मावशी या सगळ्यांच्याच मावशी. खरं तर त्यांनी स्टुडिओत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्या 'ताई' होत्या. लग्न झाल्यावर 'वहिनी' झाल्या आणि केसांत पहिली पांढरी बट दिसली तशा 'मावशी'. वादकांना बढती मिळते ती एवढीच. काम तेच राहिलं: चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात गिटार वाजवायची. पडद्यावर नायिका पत्र वाचत असते, तिचे डोळे भरून येतात, आणि मागे कुठेतरी गिटारचे चार सूर अलगद पडतात. ते चार सूर म्हणजे मावशी. लोक नायिकेसाठी रुमाल काढतात. ते तसंच व्हायला हवं, असं मावशींचं म्हणणं होतं. माणूस रडता रडता "गिटार काय सुंदर आहे!" म्हणाला तर समजावं, गिटार चुकली.

त्यांच्या काळी वादकांना चित्र दाखवायची पद्धत नव्हती. काचेच्या अलीकडे मोठ्या दालनात सगळे बसायचे, समोर नोटेशनचा कागद, आणि साहाय्यक ओरडायचा, "चला, 'जिना' घेऊ या!" म्हणजे पडद्यावर कोणीतरी जिना चढतंय. कोण चढतंय, कशाला चढतंय, वर कोण आहे, देव जाणे. चित्रपटाचं नाव तर पुष्कळदा प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात बदलायचं. त्यामुळे वादकांच्या डोक्यात चित्रपट नसत, तुकडे असत. 'जिना', 'पत्र', 'होडीतला म्हातारा', 'भांडण दुसरं'.

झालेला तुकडा मागाहून ऐकायचा नाही, हा मावशींचा नियम. ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं. एकदाच यजमानांच्या आग्रहाखातर त्या चित्रपटगृहात गेल्या होत्या. त्यांचा तुकडा आला, त्या सावरून बसल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी यजमान कानाशी वाकून म्हणाले, "पाणी आणू का गं?" एवढ्यात तुकडा संपलासुद्धा. त्यानंतर पुन्हा गेल्या नाहीत.

स्टुडिओत त्यांना आणखी एक नाव होतं. 'मुका हात'. गिटारच्या जाड तारांवर बारीक तारेचं वेटोळं असतं. डावा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना बोट त्या वेटोळ्यावर घासतं आणि 'चिर्रक' असा आवाज होतो, नव्या बुटासारखा. वादक त्याला 'चिरका' म्हणत. चिरका आला की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कपाळाला हात लावायचा आणि सगळ्या वाद्यवृंदाला पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागायचं. मावशींचा चिरका कधी म्हणजे कधी आला नाही. बोट त्या घासू देतच नसत. सूर संपायच्या आत ते अलगद उचललं जाई आणि पुढच्या जागी फुलपाखरासारखं उतरे.

ही विद्या त्यांनी कुठल्या गुरूकडून घेतली नव्हती. त्यांचा मुलगा तान्हा असताना घर दोन खोल्यांचं होतं, आणि सराव करायचा तो मुलगा झोपेल तेव्हा. गंमत अशी की गिटारच्या सुरांनी तो उठत नसे, पण चिरका ऐकला की टक्क डोळे उघडून भोकाड पसरी. एका चिरक्याची किंमत म्हणजे तासाभराचं जोजवणं. मग हात मुका न होऊन सांगतो कोणाला! आता तो मुलगा बाप्या झाला. उशाशी घड्याळाचा गजर बोंबलला तरी कूस बदलून झोपतो.

शिकायला येणारी मुलं विचारत, "मावशी, घरी काय ऐकू?" तेव्हा त्या म्हणत, "अंगठा कसा चालवावा ते कळायला होडीतला म्हातारा ऐक. थांबायचं कुठे ते कळायला जिना ऐक. आणि हात कसा असावा ते कळायचं असेल तर खिडक्या ऐक. ते माझं आहे म्हणून सांगत नाही हं, पण ऐकच."

"पण मावशी, हे कुठल्या चित्रपटात आहे?"

"नाव काय विचारतोस? खिडक्या म्हणजे एक मुलगी रिकाम्या घरात खिडक्या लावत जाते म्हणे, ते. शोध."

मुलं शोधत, ऐकत आणि जरा गोंधळलेल्या चेहऱ्यानं परत येऊन "छान आहे" म्हणत. मावशींना वाटे, पोरांना एवढ्यात काय कळणार!

या 'खिडक्यां'चीही एक गोष्ट होती. त्या चित्रपटाची गिटार आधी दुसऱ्याच एका वादकानं वाजवली होती. त्याला सगळे 'चिरक्या' म्हणत. का, ते सांगायला नको. माणूस गमत्या, हातात जीव होता, पण बोट असं दाबून ओढायचा की तार ओरडलीच पाहिजे. रेकॉर्डिस्ट वैतागला. दुसऱ्या दिवशी त्यानं मावशींना बोलावून सगळे तुकडे नव्यानं वाजवून घेतले आणि म्हणाला, "कालचं सगळं पुसून टाकतो." पुढे 'खिडक्यां'चं फार कौतुक झालं. कुणी वाजवलंय म्हणून ज्यानं त्यानं विचारावं आणि रेकॉर्डिस्टनं सांगावं, मुका हात. चिरक्याला हळूहळू कामं कमी झाली आणि एक दिवस तो स्टुडिओत यायचा बंद झाला.

नंतर कॉम्प्युटर आले आणि सगळ्यांचाच नंबर लागला. मोठं दालन गेलं, काच गेली. मावशींचा फोन तर इतके महिने गप्प होता की त्या मधूनच सुनेला म्हणत, "जरा मला फोन लाव गं, लागतोय का बघू." रोजचा सराव मात्र चालू होता. नखंही.

आणि मग एका सकाळी फोन वाजला. एक तरुण संगीतकार होता. आवाज अदबीचा.

"मावशी, तुमच्या हातांची गरज आहे."

मावशींनी फोन ठेवला आणि यजमानांना म्हणाल्या, "आज भांडी नीट घासा हं. वाटलं तर डबल घासा." या बोलण्याचा त्या फोनशी काही संबंध नव्हता. आनंद झाला की त्यांचं असं व्हायचं.

संगीतकाराचा स्टुडिओ म्हणजे एका इमारतीतली झोपायची खोली. भिंतींना काळा स्पंज, दोन खुर्च्या, एक माईक आणि टेबलभर कॉम्प्युटरचे पडदे. त्यानं वाकून नमस्कार केला, खुर्चीवरच्या वायरी उचलून जागा करून दिली आणि एक तुकडा ऐकवला. संथ, साधी गिटार.

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "कोणी वाजवलीय?"

"कोणीच नाही. कॉम्प्युटरनं."

"अगदी स्वच्छ आहे रे."

"तोच तर त्रास आहे. दिग्दर्शक म्हणतो, यात माणूस नाही. धुऊन इस्त्री केल्यासारखं वाटतं."

"मग मी वाजवू?"

संगीतकारानं मान खाजवली. "म्हणजे... तुम्ही वाजवायचं नाहीये, मावशी. सूर आहेतच. तुम्ही फक्त त्याच्यावर... ते बोट घासल्याचे आवाज द्यायचे. चिरके."

मावशींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "चिरके? माझ्याकडून?"

"तुमच्या 'खिडक्यां'सारखे! कॉलेजात असल्यापासून ऐकतोय मी ते. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

पोराचे कान तपासून घ्यायला हवेत, मावशींच्या मनात आलं. 'खिडक्यां'त चिरका? अख्ख्या तुकड्यात औषधाला नव्हता. पण इतक्या महिन्यांनी माईकसमोर बसायला मिळालं होतं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, हेडफोन चढवला आणि बोट तारेवर टेकवून सरकवलं.

काही नाही. जागा आली तसं बोट आपोआप उचललं गेलं. पुन्हा. पुन्हा उचललं गेलं. त्यांनी दात-ओठ खाऊन बोट दाबलं तेव्हा असा काही आवाज निघाला की दोघेही दचकले.

"हा उंदीर होता," मावशी म्हणाल्या.

"नाही नाही, तसं काही नाही," संगीतकार म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर उंदीर स्पष्ट दिसत होता.

शेवटी त्यानं चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "मावशी, गुरुवारी परत या. शुक्रवारी दिग्दर्शकाला ऐकवायचंय. जमलं, तर पुढचे सगळे तुकडे खऱ्या गिटारवर करू म्हणून मी त्याच्याशी भांडेन, आणि ते तुम्ही वाजवायचे. नाही जमलं तर... विकतचे चिरके मिळतात. ते लावून टाकतो."

मावशी घरी आल्या त्या तोंड एवढंसं करून. यजमानांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जन्मभर ज्याची शिव्यांनी पूजा केली, तेच आता हवंय होय!"

"हसा. हसा तुम्ही."

"हसत नाहीये. विचार करतोय. आपल्या घरात चिरकतं कोण?"

दोघांनीही आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

सून एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात कामाला होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. लग्न होऊन आली तेव्हा सोबत तिची स्वतःची गिटार होती. मावशींना केवढा हर्ष झाला होता! मग पहिल्याच संध्याकाळी सुनेनं गिटार काढली, आणि सुरापेक्षा चिरकेच जास्त. मावशींची फक्त एक भुवई उडाली. सुनेनं ती पाहिली, आणि तेव्हापासून ती दार लावून वाजवत असे. तक्रार कुणाचीच नव्हती. दार मात्र बंद होतं.

आज मावशींनी त्या दारावर टकटक केलं. "अगं, जरा येतेस? मला चिरकायला शिकव."

सून दारात गिटार घेऊन उभीच राहिली. मग अगदी कामावरच्या आवाजात म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"फाजीलपणा पुरे. बस इथे."

जेवणाच्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली. सासू विद्यार्थिनी आणि सून गुरू, आणि यजमान परीक्षक म्हणून मध्ये.

"आई, बोट उचलू नका. दाबून ठेवा. आता सरका. आई, उचललंत!"

"मी नाही उचललं, तेच उठलं."

"मग त्याला बसवा. असं समजा की तुम्हाला पुढच्या जागी जायचंय, पण ही जागा सोडवत नाहीये."

"सोडवत नाहीये कशी? सूर संपला, निघायचं. पाहुण्यासारखं चिकटून काय बसायचं!"

चिर्रक. "हे बरं की मघाचं बरं?" यजमान विचारत. मावशी पुन्हा सरकत आणि यजमानच निकाल देत, "मघाचं. नाही, हे. जरा ते पहिलं परत दाखव." तासाभरानं चिरके येऊ लागले खरे, पण सगळे एका मापाचे, शिस्तीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

"कसे आहेत?" मावशींनी विचारलं.

सून जरा घुटमळली. "आई, तुमचे चिरकेसुद्धा स्वच्छ आहेत."

मावशींनी गिटार खाली ठेवली. "तुला कोणी शिकवलं गं हे? तुझ्या हाताला कसं येतं आपसूक?"

"मला?" सुनेला खरंच नवल वाटलं. "आई, तुम्हीच. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, खिडक्या ऐक म्हणून? माझी मैत्रीण तुमच्याकडे शिकायला यायची, तिनं मला सांगितलं. मी ते ऐकून ऐकून तर गिटार उचलली. त्यात ते चिरके येतात ना, तसे यावेत म्हणून मी महिनोन्महिने झटले. आणि मग इथे आले तर तुम्हाला माझे आवडेनात. मला कधी उमगलंच नाही."

"खिडक्यांत चिरके नाहीत," मावशी म्हणाल्या.

सुनेनं फोन काढला, शोधलं, आणि हेडफोन मावशींच्या कानांवर ठेवला.

पडद्यावर एक मुलगी रिकाम्या घरात उभी होती. सामान गेलेलं, भिंतींवर चित्रांच्या चौकटींचे फिके डाग. ती पहिल्या खोलीत गेली आणि खिडकी लावली. एक सूर. मग ती पुढच्या खोलीकडे वळली आणि बोट तारेवरून सरकलं. चिर्रक. बिजागरी वाजावी तसं. सूर. दुसरी खिडकी. पुन्हा बोट सरकलं, या वेळी जरा लांब, जरा रेंगाळत, जणू त्या मुलीनं दारातून मागे वळून पाहिलं. ती काही बोलत नव्हती. रडतही नव्हती. तिच्या मनात काय चाललंय, ते सगळं दोन सुरांच्या मधल्या त्या घासण्यात होतं. शेवटच्या खिडकीपाशी चिरका इतका हलका आला की तो आहे की नाही कळू नये.

मावशींनी हेडफोन काढला. पहिल्या सरकण्यालाच त्यांनी तो हात ओळखला होता. चिरक्या. कालचं सगळं पुसून टाकतो म्हणाला होता रेकॉर्डिस्ट; एवढं एक राहिलं होतं. कोणीतरी मुद्दाम ठेवलं होतं. आणि त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"तुमचंच ना, आई?" सुनेनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? साऱ्या जगाला ते मावशींचंच माहीत होतं. मावशींनी उजव्या हाताची नखं एकदा न्याहाळली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "हे चिरक्याचं आहे. माझं त्यांनी टाकून दिलं असणार. आणि बरंच केलं."

यजमान खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांचा आवाज खाली आला. "हे त्या संगीतकाराला सांगणार आहेस?"

"सांगायला नको? तो 'खिडक्यां'वरून माझ्याकडे आलाय."

"सांगितल्यावर तुला पुन्हा बोलावेल?"

"कशाला बोलावेल!"

"मग?"

"मग काय मग?" मावशी म्हणाल्या. "त्या मेल्याचा नंबर कोणाकडे मिळेल?"

नंबर एका जुन्या तबलजीकडे मिळाला. चिरक्या आता शोभेचे मासे विकत होता. फोनमागे पाण्याचे बुडबुडे ऐकू येत होते.

"काय गं मुके! आज वाचा फुटली?"

"अरे, ऐक तरी." मावशींनी एका दमात सगळं सांगितलं. खिडक्या, सून, संगीतकार, सगळं. "मला माहीत नव्हतं रे. शपथ. मी जगभर सांगत फिरले माझं म्हणून."

पलीकडे नुसते बुडबुडे. मग हसू. "मला माहीत होतं की."

"माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बायकोनं चारदा पाहिला तो चित्रपट, चारही वेळा मला कोपरानं ढोसलं."

"आणि गप्प राहिलास? मी श्रेय लाटतेय आणि तू गप्प?"

"अगं, तू तुझ्या प्रत्येक शिष्याला माझं ऐकायला सांगत होतीस. फुकटात! मी कशाला थांबवू?" मग त्याचा आवाज जरा उतरला. "पहिली काही वर्षं राग होता, खोटं कशाला बोलू? तुझी ती फुलपाखरं ऐकली की दगड मारावासा वाटे. पण माशांच्या धंद्यात माणूस निवतो."

"गुरुवारी येतोस? त्या पोराला चिरके हवेत. ते तुझं काम आहे."

"माझा उजवा हात संपावर आहे. बोटं आखडली. तार छेडता येत नाही."

"छेडायची नाहीच आहे. फक्त घासायची आहे."

"मग येतो. घासण्यात आपला हात कोण धरणार!"

गुरुवारी दोघं त्या स्पंजच्या खोलीत शिरले. मावशींनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसल्यावर धीर होणार नाही म्हणून. "हे बघ बाळा, 'खिडक्या' माझं नाही. ह्याचं आहे. तुला जे हवंय ते ह्याच्याकडे आहे. मी फक्त सोबत आलेय."

संगीतकार एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मग चिरक्याला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, हेडफोन दिला. मावशी भिंतीशी स्टुलावर बसल्या. माईक त्यांच्यापासून हातभर दूर होता. त्यांनी हात पदराखाली घेतले.

चिरक्यानं कॉम्प्युटरची गिटार ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे मला नाही जमणार."

"का काका?"

"अरे, हा तिसरा सूर ह्यानं कुठल्या तारेवर वाजवलाय?"

संगीतकारानं पडद्याकडे पाहिलं. "ते... तसं काही नसतं यात. सूर आहे नुसता."

"तेच म्हणतोय मी. हा कुठून निघालाच नाही, तर मी जाऊ कुठे? चिरका म्हणजे जाण्याचा आवाज. हा बसल्या जागी बोलतोय. ह्याच्यामागे धावायचं म्हणजे भिंतीशी शर्यत लावणं. कोणीतरी माणूस वाजवू दे, मग मी घासतो." आणि तो खुर्चीतच वळला. "ए मुके, ये इकडे. लांब बसून काय करतेस?"

"मी वाजवेन आणि तू दुसऱ्या गिटारवर घासशील? ते वेगळं वेगळंच लागेल."

"दुसऱ्या कशाला? ह्याच. डावा हात माझा, उजवा तुझा."

संगीतकाराला हसावं की नाही कळेना. मावशींना कळलं, आणि त्या हसल्या. तरी उठल्याच. दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या. गिटारचं पोट मावशींच्या मांडीवर आणि दांडा चिरक्याच्या छातीसमोर.

"तुझ्या नवऱ्यानं पाहिलं तर?"

"पाहिलं तर विचारेल, हे बरं की मघाचं बरं."

पहिला प्रयत्न साफ फसला. चिरक्या बोट सरकवून पुढे पोचायच्या आत मावशी तार छेडून मोकळ्या.

"अगं, थांब की! मी वाटेत आहे!"

"तू किती रेंगाळतोस!"

"रेंगाळतोय म्हणूनच चिरकतंय ना? तुला काय कुणी मागे लागलंय?"

दुसऱ्या वेळी मावशी थांबल्या, पण जरा जास्तच. तिसऱ्या वेळी त्यांनी कागदाकडे बघणं सोडलं आणि त्याच्या बोटांकडे बघायला लागल्या. ते खरखरीत, माशांच्या पाण्यात सुरकुतलेलं बोट एका सुरावर बसलं होतं. मावशींनी तो सूर संपेपर्यंत राहू दिला. मग बोट निघालं, तारेला घासत, जराही घाई न करता, आणि ते पोचलं न पोचलं तोच मावशींच्या नखानं पुढचा सूर उचलला. त्यानंतर कोणी कोणाला काही सांगितलं नाही. तुकडा कसा सरला ते दोघांना कळलंही नाही.

संगीतकारानं आधी कॉम्प्युटरचा तुकडा लावला. मग आत्ताचा लावला. मग पुन्हा आत्ताचाच लावला. दिग्दर्शकाला फोन लावून त्यानं तो स्पीकरसमोर धरला. तुकडा संपल्यावर पलीकडून कोणीतरी काहीतरी बोललं. संगीतकार "हो" म्हणाला, परत "हो" म्हणाला, आणि फोन ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "पुढचे सगळे तुकडे असेच हवेत. दोघांचे. तुमच्या तारखा कुठल्या मोकळ्या आहेत?"

मावशींनी पर्समधून चष्मा काढला, तो पुसला, डोळ्यांवर चढवला, मग फोन काढला आणि त्यात बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. "बघून सांगते हं. या महिन्यात जरा गडबडच आहे..."

"कसली गडबड!" चिरक्या म्हणाला. "पोरा, अख्खा महिना रिकामा आहे तिचा. माझाही. फक्त मंगळवारी माझ्याकडे नवे मासे येतात."

मावशींनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"मंगळवार सोडून," त्या म्हणाल्या.